शेड बांधा, पण दाजींचं बिल आधी ठरवा

प्रश्न : मी ५९ वर्षांचा आहे. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. आता कराडजवळच्या गावी कायमचा राहायला आलो आहे. घरामागच्या परड्यात मोठं वर्कशॉप बांधायचं मनात आहे. गाडी आणि ट्रॅक्टर आत लागावा, एका अंगाला लोखंड कातायचा लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं टेबल आणि दुसऱ्या अंगाला सुतारकाम. एक जुना एचएमटी लेथ पाहून ठेवला आहे. ३० बाय ५० फुटांची शेड करावी म्हणतो. जमीन काळी आहे.

धाकटा भाऊ म्हणतो, घरचीच दहा-बारा माणसं आहेत, मजूर कशाला? दाजी फॅब्रिकेशन करतात, ते म्हणतात छपराचे ट्रस, म्हणजे लोखंडी कैच्या, मी बनवून देतो, पैशांचं नाव काढू नका. जावई पुण्याला आयटीत आहेत, ते वायरिंग करतो म्हणतात. पुतणे २२ आणि १४ वर्षांचे आहेत, धाकटाही पत्रे चढवायला तयार आहे. वीज विहिरीच्या पंपावरून ओढू असं भावाचं मत. जागा वडिलांच्या नावावर होती, ते गेल्यावर वाटणी झालेली नाही, पण आमच्यात कागदाची गरज पडत नाही. फक्त सौ. गप्प झाली आहे. एवढंच म्हणाली, "तुम्ही निवृत्त झालात, मी कधी होणार?" कुठून सुरुवात करू?

उत्तर : बांधा. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच गोष्टींना नको म्हणणार आहे आणि त्याने तुमचा धीर खचायला नको. आयुष्यभर शतांश मिलिमीटर मोजलेल्या माणसाने निवृत्तीनंतर नुसतं बसून राहावं असं मला मुळीच वाटत नाही. गावात पंपाचं बुश गेलं, ट्रॉलीचा शाफ्ट घासला की लोकांना तालुक्याला धावावं लागतं. तुमचा लेथ परड्यात सुरू झाला तर त्याचा गावालाही उपयोग आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते "आमच्यात कागदाची गरज पडत नाही" हे वाक्य. आज पडत नाही, कारण आज त्या जागेवर फार तर कढीपत्ता आणि दोन नारळ असतील. उद्या तिथे तुमच्या निवृत्तीच्या पैशांतून शेड उभी राहील, त्यात टनाहून जड लेथ काँक्रीटला बोल्टने आवळलेला असेल. आणखी काही वर्षांनी पुतण्याचं लग्न ठरेल, भावाला दोन खोल्या वाढवाव्या वाटतील, आणि जागा तीच. तेव्हा कोणीही वाईट वागलेलं नसताना भांडण होईल. म्हणून पहिलं काम तालुक्याच्या वकिलाकडे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचा, उतारा काढा, त्यावर आज कोणाकोणाची नावं लागली आहेत ते पाहा आणि परड्याची वाटणी नोंदणीकृत करून घ्या. शेड तुमच्या वाट्यात पूर्ण बसली पाहिजे.

इथे एक नाव तुम्ही पत्रात घेतलेलंच नाही, ते बहिणीचं. दाजींचं नाव आलं, त्यांचं फॅब्रिकेशन आलं, पण बहीण आली नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तो जन्मापासूनचा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा कागद करायला बसाल त्या दिवशी ती खुर्चीवर असली पाहिजे, चहा घेऊन आत-बाहेर करताना नव्हे. तिने आपणहून हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण एका हाताने तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या नवऱ्याकडून फुकट ट्रस करून घ्यायचे, हे मला पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही, फक्त कदाचित तुम्ही दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नसतील.

बांधकामाची परवानगीही याच फेरीत विचारून घ्या. जागा गावठाणात आहे की बाहेर, यावर परवानगी कोणी द्यायची हे ठरतं. शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचं तेही लेखी घ्या. आणि तिथे खरं काय ते सांगा. फक्त छंद आहे की पैसे घेऊन कामं करणार आहात, यावर वीजदरापासून सगळं बदलतं.

आता घरच्या माणसांबद्दल. आपल्या भागात सावड चालत आलेली आहे. आज माझ्या रानात पाच जण आले तर पुढे त्या पाचांच्या रानात मी एकेक दिवस जायचं. ती इतकी वर्षं टिकली, कारण तिच्यात हिशेब आहे. कोणाचा दिवस कोणाकडे बाकी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणाच्या मनात काही साचत नाही. तुमच्या शेडसाठी घरची माणसं येणार असतील तर तीही सावड समजा आणि एक वही घाला. कोण आलं, किती वेळ राहिलं, काय केलं. भावाचे जितके दिवस लागतील तितके दिवस तुम्ही त्याच्या उसाच्या लागणीला जा, आणि तुमची कंबर तेवढी साथ देत नसेल तर तुमच्या पैशाने गडी लावून द्या. थोरल्या पुतण्याचे दिवस त्याला लेथ शिकवून फेडता येतील. टूलरूममधल्या माणसाकडून शिकायला मिळणं ही त्याच्या आयुष्यातली मोठी कमाई ठरेल, पण ती ठरलेल्या वेळी, ठरवून शिकवा.

त्या वहीत सगळ्यात पहिलं नाव तुमच्या पत्नीचं लिहा. दहा-बारा माणसं रविवारी येणार म्हणजे सकाळी पोहे, दोन चहा, दुपारचं जेवण, पुन्हा चहा. पाव्हणे म्हणून आलेली बहीण आणि भावजय स्वयंपाकघरात हात लावतील, पण चूल पेटवण्यापासून भांडी पालथी घालण्यापर्यंत जबाबदारी कोणाची राहील? घरच्यांनी फुकट बांधली असं ज्या शेडबद्दल अभिमानाने सांगितलं जातं, तिथे हे काम कोणी मोजलेलंच नसतं. "मी कधी होणार?" हा तुमच्या पत्नीचा प्रश्न शेडविरुद्ध नाही, या रविवारांबद्दल आहे असं मला वाटतं. कामाच्या दिवशी गावातल्या किंवा जवळच्या खानावळीतून जेवण मागवा आणि तो खर्च सिमेंटच्या खर्चाशेजारी लिहा. आणि आराखडा कागदावर उतरण्याआधी तिला विचारा की परड्यातलं काय काय तिला हवं आहे. उन्हाळ्यात वाळवण घालायला जागा लागते, कढीपत्त्याचं झाड कदाचित तिनेच लावलेलं असेल. तिच्यासाठी राहिलेल्या जागेत काही ठेवू नका. तिची जागा आधी सोडा आणि मग शेडची आखणी करा.

कोणतं काम घरच्यांना द्यायचं याला माझा एक नियम आहे. ज्या माणसाला "हे खोलून पुन्हा कर" असं तोंडावर म्हणता येत नाही, त्याला असं काम देऊ नका की जे चुकलं तर कोणाचा जीव जाईल. जावयांना तुम्ही ते म्हणू शकता का? नाही. ते तुम्हाला "मला हे जमणार नाही" म्हणू शकतात का? तेही नाही, सासऱ्यांसमोर कसं म्हणायचं? मग वायरिंग त्यांच्याकडे नको. ते हौसेने करतो म्हणताहेत, त्यांचा मान ठेवून दुसरं काम द्या. शेडचा नकाशा, मालाचा हिशेब, दरपत्रकं मागवून त्यांची तुलना, यात ते तुमच्यापेक्षा तरबेज असतील आणि ते पुण्यात बसून होईल.

दाजींचं वेगळं आहे. ते त्या कामातले आहेत, ते त्यांनीच करावं. पण दरपत्रक देऊन, पूर्ण दराने, बिल देऊन, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगप्रमाणे. नात्यातलं काम म्हणून दोन पैसे कमी करायचे असतील तर ते बिलात सूट म्हणून दिसू द्या. पैसे न घेता केलेल्या कामाला गिऱ्हाइकाच्या कामानंतरचा नंबर लागतो, यात दाजींचा दोष नाही, त्यांना दुकान चालवायचं आहे. आणि वेल्ड तपासायला तुम्ही जाऊ नका, इंजिनिअरला पाठवा. तुम्ही गेलात तर बहिणीच्या घरी त्याची चर्चा होईल, इंजिनिअर गेला तर तो त्याच्या कामाचा भाग आहे.

इंजिनिअर कशाला, पत्र्याची शेड तर आहे, असं भाऊ म्हणेल. त्याला हे समजावून सांगा. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम ४-५ किलो भरतं. शेड कोसळण्याची भीती त्या वजनाची नसते. भीती असते वाऱ्याची. शटर उघडं असताना वारा आत शिरतो आणि छप्पर वर ढकलतो, त्याच वेळी छपरावरून जाणारा वारा ते वर ओढतो. त्या वेळी पाया छपराला खाली धरून ठेवत असतो. म्हणून फाउंडेशन बोल्टची लांबी, बेस प्लेटची जाडी, फुटिंगचं, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या पायाचं, वजन आणि भिंतीतले तिरपे ब्रेसिंग हे डोळ्यांनी ठरवायचे नसतात. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा भार कसा धरायचा हे दिलेलं आहे, इंजिनिअर त्यावरून हिशेब करतो. चैत्र-वैशाखात वळवाच्या एका तडाख्यात उडालेली छपरं आपण दर वर्षी पाहतो.

लेथ किंवा त्याचा चक (काम धरून फिरवणारा जबडा) उचलायला वर चेनपुली टांगायचा विचार तुमच्या मनात असणारच. तो आत्ताच इंजिनिअरला सांगा. त्यासाठी वेगळा बीम घालता येतो. नंतर ट्रसच्या खालच्या पाइपला साखळी अडकवून टन-दीड टन उचलायचा नाही. तुम्हाला हे माहीत आहे, पण तुम्ही घरी नसताना पुतण्याला माहीत असेलच असं नाही.

आकाराबद्दल. ३० बाय ५० नको, २५ बाय ४० करा. १००० चौरस फूट म्हणजे लहान नाही. रुंदी ५ फुटांनी वाढली की ट्रस, कॉलम, फुटिंग सगळंच जड होत जातं. लांबी मात्र पुढे वाढवता येते. दर १० फुटांवर एक फ्रेम धरली तर ५ फ्रेम आणि १० कॉलम होतात. एका टोकाची भिंत विटांची न करता पत्र्याची ठेवा, पुढे कधी जागा कमी पडली तर तीच भिंत सोडवून आणखी १० फूट पुढे जाता येईल.

पण हा आकडाही माझ्या शब्दावर घेऊ नका. परड्यात फक्की टाकून शेड खऱ्या मापात आखा. कोपरे काटकोनात आहेत का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजा, २५ बाय ४० ला कर्ण ४७ फूट २ इंच आला पाहिजे. मग आत ट्रॅक्टर आणून उभा करा, लेथची जागा फक्कीने काढा, वेल्डिंगचं टेबल म्हणून घरातलं टेबल ठेवा. २० फुटी पाइप खांद्यावर घेऊन दारातून आत जाऊन पाहा, कारण अँगल-पाइप ६ मीटरचेच येतात आणि कट-ऑफ मशीन दाराजवळ नसेल तर प्रत्येक कामाला तो पाइप गाडीवरून फिरवावा लागतो. लेथच्या हेडस्टॉकच्या, म्हणजे चक बसतो त्या टोकाच्या, मागे बार बाहेर काढायला जागा सोडली आहे का ते बघा. हे एका संध्याकाळचं काम आहे आणि त्यात घरातली सगळी माणसं हौसेने भाग घेतील, चौदा वर्षांचा पुतण्यासुद्धा.

शटर पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या, आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. खिडक्या शक्य तितक्या उत्तरेच्या भिंतीत. जुन्या कापडगिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवा, त्यांच्या काचा उत्तरेकडेच असत. दिवसभर सारखा उजेड मिळतो आणि मायक्रोमीटरवर ऊन चकाकत नाही. सुतारकाम आणि वेल्डिंग यांच्यामध्ये निदान अर्ध्या उंचीची भिंत घाला. ग्राइंडरची ठिणगी भुशात पडली की लगेच पेट घेत नाही, आतल्या आत धुमसते आणि सगळे जेवून झोपल्यावर भडकते.

आता घरच्यांनी करायची कामं सांगतो, ती भरपूर आहेत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून फुटिंग काळ्या मातीत थांबवायचं नाही, खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत जायचं. हे खड्डे जेसीबीने काढा, सळई-काँक्रीट अनुभवी गवंड्याकडे द्या. मात्र जोत्याच्या आत वरची दीड फूट काळी माती काढून मुरूम भरणं हे घरचं काम. दबलेला मुरूम १५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो, म्हणजे सैल त्याहून बराच जास्त मागवावा लागेल. तो ६ ते ९ इंचांच्या थरांनी पसरायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग पुढचा थर. कंत्राटदार इथेच घाई करतात आणि दोन पावसांनी फरशी बसते. घरची माणसं ते मन लावून करतील. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो, तो आणा. त्यावर ९ इंच दगडी सोलिंग, साडेसात ब्रास, हाताने रचायचं. हेही घरी होईल.

सोलिंगवर साध्या काँक्रीटचा ४ इंचांचा थर, आणि त्यावर ५ इंचांची फरशी. १००० चौरस फुटांची फरशी एका दिवसात ओतायची म्हटली तर सुमारे १२ घनमीटर काँक्रीट होतं, १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाला जवळजवळ ९५ गोणी सिमेंट. हौशी माणसांनी एका दमात करायचं हे काम नाही, दुपारनंतर हात थकतात, कोणीतरी पाणी वाढवतं आणि काँक्रीट कच्चं राहतं. पण तीच फरशी साडेबारा बाय दहाच्या ८ चौकटींत विभागली की एका चौकटीला १२ गोणी लागतात. भाड्याचा मिक्सर, एक गवंडी आणि घरची सहा माणसं असली की दुपारच्या जेवणापर्यंत एक चौकट होते. एक सोडून एक अशा चार आधी, मग मधल्या चार. सांधेही आपोआप मिळतात. ही फरशी छप्पर झाल्यावर करा, सावलीत काँक्रीट लवकर सुकत नाही. लेथच्या जागी चौकट मोकळी ठेवा, त्याचा पाया फरशीपासून अलग, जास्त खोल आणि सळई घालून करायचा, मध्ये थर्माकोलची पट्टी.

नंतरचं पाणी मारणं तर घरच्यांइतकं कोणीच नीट करत नाही. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला १० दिवस, कडक उन्हाळ्यात ते १० आणि १४ दिवस. फरशीवर मातीची आळी करून पाणी तुंबवा. धाकट्या पुतण्याला हे काम त्याच्या नावावर द्या, वेळेची नोंद त्याला ठेवू द्या. त्याला पत्र्यावर चढू देऊ नका. तो कितीही चपळ असला तरी नाही. छपरावर फक्त दाजींचे कारागीर, तेही कंबरेला पट्टा बांधून, आणि उजेडासाठी बसवलेल्या पारदर्शक पत्र्यावर कोणीच पाय द्यायचा नाही. ट्रस उचलायला हायड्रा क्रेन मागवा, दोर लावून दहा जणांनी ओढायचं नाही. त्या दिवशी घरची माणसं कुंपणापलीकडे. संध्याकाळी एकही पत्रा सुटा राहता कामा नये, वळवाचा वारा विचारून येत नाही.

काम सुरू होण्याआधी मदतीला येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचा प्रधानमंत्री सुरक्षा बीमा आहे का ते विचारा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, १८ ते ७० वयापर्यंत. बँकेत एक फॉर्म भरायचा असतो. रक्कम मोठी नाही, पण ज्याच्याकडे दुसरा कुठलाच विमा नाही त्याला तेवढा तरी आधार हवा.

विजेबद्दल भावाचं म्हणणं साफ नाकारा. शेतीपंपाच्या कनेक्शनवर वर्कशॉप चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर होतो, आणि दंडाचं बिल ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला येतं, म्हणजे भावाला. शिवाय शेतीची थ्री फेज ठरलेल्या तासांनाच येते, तुम्ही रात्री दोनला लेथ चालवणार का? महावितरणकडे वेगळं थ्री फेज कनेक्शन मागा. अर्ज करताना लेथ, वेल्डिंग, कॉम्प्रेसर सगळ्यांचा भार नीट मांडा, आणि हा अर्ज फुटिंगच्या आधी करा, कारण खांब टाकावा लागला तर वेळ जातो. वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून. अर्थिंगचे खड्डे वेगळे, प्रत्येक थ्री फेज मशीनच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ, हॅण्ड टूल्सच्या सॉकेटना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. दिवे तिन्ही फेजवर वाटून घ्या. एकाच फेजवरच्या लुकलुकत्या ट्यूबखाली फिरणारा चक कधीकधी थांबल्यासारखा दिसतो. कारखान्यात ही काळजी दुसरं कोणी घेत होतं, इथे तुम्हालाच घ्यायची आहे.

वेळापत्रक गावाच्या कामांकडे पाहून आखा. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू होतात, उसाला तोड कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही आणि ती आली की भाऊ, थोरला पुतण्या आणि ट्रॅक्टर तिघेही तिकडे. त्या दिवशी तुमची चौकट राहिली म्हणून तोंड वाकडं करायचं नाही. म्हणून गवंडी आणि दाजी यांची कामं, म्हणजे फुटिंग, कॉलम, ट्रस, पत्रे, ऊसतोडीच्या मोसमातच उरका, त्यांना घरच्या माणसांची वाट पाहावी लागत नाही. मुरूम-सोलिंग तोडीच्या मधल्या फटीत. फरशीच्या चौकटी फाल्गुनात सुरू करा. गावच्या यात्रेला मुंबई-पुण्याची सगळी मंडळी येतील, ती दोन दिवस आधी आली तर रंगकामाला आणि सामान लावायला त्यांचे हात घ्या, पण यात्रेच्या दिवशी काम बंद. मृग लागायच्या आत छप्पर, पन्हळी आणि भोवतालचा चर पूर्ण हवा. लेथ सगळ्यात शेवटी, हायड्राने, शटरसमोरचा उतार नीट वाळल्यावर. जोतं दीड फूट उंच असेल तर तो उतार निदान १२ फूट लांब लागेल, तेवढी जागा समोर सुटते का तेही फक्की टाकताना बघून ठेवा.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा. पत्नीला परड्यात घेऊन जा आणि तिची जागा तिला दाखवू द्या. आणि जिथे कोपऱ्याचा कॉलम येणार आहे तिथे एक चाचणी खड्डा काढा. मुरूम किती फुटांवर लागला, खड्ड्यात पाणी झिरपलं का, हे कळवा. त्यावर फुटिंगबद्दल पुढचं बोलता येईल.